बुरशी आलेला मका, परत आलेलं दूध आणि चार पोटांची गाय

येवल्याची गोठेकरीण | ३ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली.

आमच्याकडं नऊ संकरित गाई, त्यातल्या सहा दुभत्या. दिवसाला ऐंशी-पंच्याऐंशी लिटर दूध डेअरीला जातं. परवा संकलन केंद्रावर कसलीशी पट्टी लावली आणि आमचे दोन्ही कॅन परत आले. फॅट ४.१, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.६, पाण्याचा थेंब नाही, युरिया नाही. मी भांडायच्याच बेतात होते, तर तिथला मुलगा हळूच म्हणाला, "ताई, एम१ लागलंय. भरडा बघा घरी जाऊन. बुरशीचं विष आहे ते." हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

भरड्याचं सांगायचं तर, तीन एकर मका दसऱ्याच्या आठवड्यात सोंगला. बिट्ट्या (कणसं) मोडून कांदाचाळीच्या मागं ढीग लावला आणि मळणीवाल्याची वाट बघत बसलो. तेवढ्यात चार दिवस पाऊस लागला. वर ताडपत्री टाकली, चारी बाजूंनी दगड ठेवले, म्हटलं निभावलं. पाचव्या दिवशी ताडपत्री उचलली तर आतून गरम वाफ अंगावर आली, भाताचं झाकण काढल्यासारखी. ढिगाच्या मधल्या बिट्ट्यांच्या शेंड्याला हिरवट-पिवळी भुकटी, हळदीत राख कालवल्यासारखी. वाईट दिसल्या तेवढ्या चार पाट्या बाजूला काढल्या, बाकीचं उन्हात घालून मळलं. अडतीस क्विंटल निघाला. व्यापाऱ्यानं मूठभर घेऊन हुंगला आणि मूठ तशीच परत पोत्यात सोडली. मग काय, घरच्या गाईंना भरडा. गाईला तीन किलो रोज, शिवाय दोन किलो सरकी पेंड, मुरघास आणि वाळली वैरण.

आप्पा (सासरे) म्हणतात, "गाईला चार पोटं देवानं उगाच दिलीत का? आमच्या वेळी काळा पडलेला कडबा खाऊन बैल नांगर ओढायचे." गाई दिसायला खरंच धडधाकट आहेत. मग विष दुधातच कसं काय? मका धुतला, भाजला, कडक उन्हात टाकला तर जातं का ते? दूध उकळलं तर? आणि नाहीच गेलं तर अडतीस क्विंटलचं करायचं काय? धाकटी चार वर्षांची आहे आणि दोन्ही वेळेला ह्याच दुधाचा पेला पिते. झोप नाही दोन दिवस.

---

बळीराजा०७ | ३ नोव्हेंबर, रात्री १०.१५

ताई एवढं टेन्शन घेऊ नका. डेअरीवाल्यांना दूध जास्त झालं की असली कारणं निघतात. मका चुन्याच्या पाण्यात धुवा, दोन दिवस ऊन दाखवा, काही होत नाही. नाहीतर कोंबडीखाद्यवाल्याला द्या, ते घेतात सगळं. इथेनॉलवाले पण घेतात, दारूत कुठली आलीय बुरशी.

---

नळी आणि तराजू | ४ नोव्हेंबर, पहाटे ५.५०

ताई, आधी दोन कामं करा, मग निवांत वाचा. आजपासून भरडा बंद आणि सरकी पेंडही बंद. आणि धाकटीला चार-पाच दिवस दुसरीकडचं दूध. घाबरून नाही, उगाच कशाला म्हणून. इतक्या थोड्या दिवसांत मुलीला काही झालेलं नसणार. ह्या विषाचं भय रोज थोडं थोडं, वर्षानुवर्षं पोटात जाण्याचं असतं.

बळीराजा, तुमचा राग मानत नाही. सल्ला मात्र एकही घेण्यासारखा नाही. कोंबडीचं म्हणाल तर हे सगळं प्रकरण पक्ष्यांपासूनच सुरू झालं. १९६० साली इंग्लंडात टर्कीची पिल्लं पटापट मरायला लागली, लाखाच्या वर गेली. रोगजंतू सापडेना, म्हणून रोगाला नुसतं 'टर्की एक्स' म्हणत. शेवटी धागा पोचला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत. त्या पेंडीवरची बुरशी अॅस्परजिलस फ्लेव्हस. 'अ' आणि 'फ्ला' घेऊन विषाचं नाव झालं अफ्लाटॉक्सिन. कोंबडीपेक्षा टर्की नाजूक, टर्कीपेक्षा बदक नाजूक. तेव्हा कोंबडीवाल्याला देणं म्हणजे आपल्या दारातला साप शेजारच्या अंगणात सोडणं.

मी सव्वीस वर्षं पशुखाद्य तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली. सुरुवातीला हल्लीसारखी यंत्रं नव्हती. मका किंवा पेंड दळून क्लोरोफॉर्ममध्ये हलवायची, अर्क आटवायचा आणि काचेच्या पट्टीवर थेंब थेंब ठेवायचा. मग अंधाऱ्या खोलीत जांभळा दिवा लावायचा. पट्टीवर वरच्या बाजूला निळे ठिपके उजळायचे, त्याखाली हिरवट. निळे ते 'बी', हिरवे ते 'जी'. नावं अशीच पडली आहेत, इंग्रजी रंगांच्या आद्याक्षरांवरून. आणि 'एम' म्हणजे दूध. सगळ्यांत विखारी बी१. कार्तिकातल्या रात्री नदीत सोडलेल्या दिव्यांसारखं दिसायचं ते, आणि माझे साहेब मागून म्हणायचे, "कौतुक पुरे, आकडा सांग."

आता आप्पांच्या चार पोटांबद्दल. त्यांना सांगा, ते निम्मे बरोबर आहेत. बुरशीची विषं बऱ्याच जातींची असतात. त्यातली काही, उदाहरणार्थ ऑक्रॅटॉक्सिन, गाईच्या पहिल्या पोटातले जंतू बरीचशी मोडून टाकतात. डुकराला जे सोसत नाही ते गाय म्हणून पचवते. पण अफ्लाटॉक्सिन तिथं फारसं मोडत नाही. ते रक्तात जातं, यकृतात पोचतं. यकृत त्याला एक ऑक्सिजन चिकटवून बी१ चं एम१ करतं आणि थोडा भाग सडातून बाहेर काढतं. गाय धडधाकट दिसते ह्याचं कारण हेच की ती आपला वाटा दुसऱ्यांवर ढकलते. वासरावर आणि आपल्यावर.

किती? खाल्लेल्या बी१ पैकी साधारण एक ते दोन टक्के दुधात उतरतं. खूप दूध देणाऱ्या गाईत सहा टक्क्यांपर्यंतही मोजलं गेलंय. तुमचंच गणित मांडू. भरडा तीन किलो. त्यात १०० पीपीबी विष धरू, म्हणजे किलोला १०० मायक्रोग्रॅम. गाईच्या पोटात गेलं ३००. दोन टक्क्यांनी दुधात आलं ६. गाय चौदा लिटर देत असेल तर लिटरला ०.४३. आपल्याकडची दुधाची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम. युरोपात त्याचा दहावा हिस्सा, ०.०५. म्हणजे बघा, मका शंभराचा धरला तरी तुमचं दूध काठावर पास व्हायला हवं होतं. एकतर तुमचा मका फार वाईट आहे, नाहीतर त्याला घरात कुणीतरी जोडीदार आहे. म्हणून पेंडही बंद करायला सांगितली.

धुणं, उकळणं, भाजणं. बुरशी मरते, विष मरत नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. चोर पळाला म्हणून घातलेला दरोडा भरून निघत नाही. अफ्लाटॉक्सिन तुटायला अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, आपलं दूध शंभराला उतू जातं. पाण्यात ते नीट विरघळतही नाही. धुतलेला मका फक्त पुन्हा ओला होतो आणि बुरशीला दुसरं जेवण मिळतं. उन्हानं ओल जाते, म्हणजे पुढचं विष तयार व्हायचं थांबतं. झालेलं तसंच राहतं. दह्यातही जात नाही. पनीरमध्ये तर उलट जास्त, कारण एम१ दुधातल्या केसिन नावाच्या प्रथिनाला धरून बसतं. तुपात कमी उतरतं, पण म्हणून आता तूप कढवत बसू नका.

इथेनॉलचं उत्तर लिहितो दुपारनंतर. नातू उठला.

---

सांगोलेकर | ४ नोव्हेंबर, सकाळी ११.०५

सर, एक शंका. आमची आजी बाजरी मिठाच्या पाण्यात टाकायची. वर तरंगेल ते काढून फेकायची, खाली बसेल ते धुऊन वाळवायची. कृषी सहायक पेरणीच्या आधी बियाण्याला हेच करायला सांगतात. मग मक्याला का नाही चालणार?

---

नळी आणि तराजू | ४ नोव्हेंबर, दुपारी ३.२०

सांगोलेकर, आजीला माझा नमस्कार पोचवा. ती करायची ते पक्कं शास्त्र आहे. बाजरीच्या कणसाला पावसात अरगट लागतो. आधी मधासारखा चिकट थेंब सुटतो, मग दाण्याच्या जागी काळपट, लांबुडकी गाठ धरते. विष असतं त्या गाठीत. गाठ दाण्याहून हलकी, म्हणून वीस टक्के मिठाच्या पाण्यात (दहा लिटरला दोन किलो) ती वर येते आणि दाणा तळाला जातो. गाठ काढली की विष गेलं. ते खाल्लं तर मळमळ, उलट्या, गुंगी. बाजरी खाणाऱ्या भागांत अशा साथी येऊन गेल्या आहेत.

मक्यात भानगड अशी की विषाची गाठ वेगळी नाही. फुटके, हलके, किडके दाणे आणि चुरा ह्यांत सगळ्यात जास्त असतं हे खरं. पण पिवळाधमक दिसणाऱ्या दाण्याच्या अंकुरातही असू शकतं. आणि उलटंही, हिरवीगार बुरशी दिसूनही विष नगण्य, कारण त्या बुरशीच्या सगळ्याच वाणांना विष करता येत नाही. डोळ्यांनी पास-नापास ठरवता आलं असतं तर माझी नोकरीच राहिली नसती.

आता इथेनॉल. दारूत विष जात नाही हे बळीराजा बरोबर बोलले. मग जातं कुठं? मक्यातला स्टार्च आंबून अल्कोहोल होऊन निघून जातो, मागं उरतो तो साधारण तिसरा हिस्सा चोथा. विष सगळं त्या चोथ्यात, म्हणजे दर किलोला जवळजवळ तिप्पट. तो चोथा वाळवून डीडीजीएस नावानं पशुखाद्यात येतो. तुम्ही तीस पीपीबीचा मका दिलात की नव्वदचं खाद्य होऊन गोठ्यात परत.

आणि माणसांचं विचाराल तर. १९७४ च्या हिवाळ्यात गुजरातेतल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा जिल्ह्यांत आदिवासी पाड्यांवर कावीळ पसरली. पोटात पाणी, सुजलेले पाय. साथीची कावीळ असती तर गावाबाहेरही पसरली असती, ही मात्र मका खाणाऱ्या घरांपुरती. आणि त्याच घरची उष्टी भाकर खाणारी कुत्रीसुद्धा मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे कृष्णमाचारी आणि सहकारी तिथं गेले, घराघरातला मका तपासला. काही नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन १५ पीपीएमपर्यंत, म्हणजे पंधरा हजार पीपीबी. ३९७ माणसं आजारी, १०६ गेली. अवकाळी पावसानं भिजलेला मका, घरात धड वाळवायची सोय नाही, आणि दुसरं खायला काही नाही. ताई, तुमच्या ताडपत्रीखाली झालं तेच, फक्त त्यांच्याकडं परत करायला व्यापारी आणि बंद करायला भरडा नव्हता. ह्याच संस्थेतल्या तुळपुळे, माधवन आणि गोपालन ह्यांनी १९६४ मध्येच माकडांना अफ्लाटॉक्सिन देऊन यकृताची काय गत होते ते दाखवलं होतं. माहिती दहा वर्षं आधी होती, हे मला अजून खुपतं.

ज्वारीवाल्यांनीही फार निर्धास्त राहू नये. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन गावंच्या गावं पोटदुखी, पोटात गुरगुर आणि हगवणीनं बेजार झाली. तिथं रमेश भट आणि मंडळींना वेगळंच विष सापडलं, फ्युमोनिसिन, फ्युजेरियम बुरशीचं. बरी झाली माणसं, धान्य बदललं की थांबलं. पण आपण 'पाणी बाधलं' म्हणून जे सोडून देतो त्यात किती वेळा ज्वारी असेल कुणास ठाऊक.

---

येवल्याची गोठेकरीण | ४ नोव्हेंबर, रात्री ९.१०

काका, वाचून अंगावर काटा आला. भरडा बंद केला. पेंड मात्र बंद करू देईनात. आप्पा म्हणाले पेंड काढली की फॅट पडेल, आणि पेंड तर पैसे मोजून आणलेली आहे, तिला कुठं बुरशी दिसतेय. खरं आहे, पिवळीजर्द आहे, वासही छान.

नमुना तपासायला पाठवायचं म्हणतेय. मुठभर पुरेल ना?

---

नळी आणि तराजू | ५ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

मुठभर! ताई, ह्या मुठीवर मी माझी पहिली मोठी चूक केली होती, ती सांगतो.

नोकरीचं दुसरं वर्ष. शेंगदाणा पेंडीचा ट्रक आला होता. दारापाशी असलेल्या तीन पोत्यांतून मी एकेक ओंजळ घेतली, दळली, तपासली. पट्टी स्वच्छ, पास. आठवड्यानं घेणाऱ्याच्या प्रयोगशाळेतून निरोप आला, माल नापास, तोही कितीतरी पटींनी. मी छाती ठोकून सांगितलं माझा आकडा बरोबर आहे. साहेबांनी काही न बोलता गोदामात नेलं आणि चाळीस पोती एकेक करून उतरवायला लावली, हमाल न देता. प्रत्येकाच्या वरून, मधून, तळातून पोकळ सळई खुपसून थोडं थोडं काढायचं, सगळं एका ताडपत्रीवर ओतायचं, कालवायचं, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा कालवायचं. संध्याकाळी तो नमुना लावला तर पट्टी अशी पेटली की बास. मी मोजलं बरोबर होतं, उचललं चूक.

अमेरिकेत टॉमस व्हिटाकर नावाच्या संशोधकानं उभं आयुष्य ह्याच एका प्रश्नावर घालवलं, की पोत्यातून नमुना काढायचा कसा. का, ते गणितानं बघा. एकट्या शेंगदाण्यात दहा लाख पीपीबीच्या वर विष मोजलेलं आहे. असा अर्ध्या ग्रॅमचा एकच दाणा म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम. तो पंचवीस किलो अगदी स्वच्छ दाण्यांत पडला तर सगळे पंचवीस किलो २० पीपीबीचे झाले. आणि दुभत्या जनावराच्या खाद्याला आपल्याकडच्या मानकात बी१ ची मर्यादा २० चीच आहे. तुमच्या मुठीत तो दाणा आला तर हाहाकार, नाही आला तर आनंदीआनंद. दोन्ही खोटं.

तेव्हा प्रत्येक पोत्यातून तीन ठिकाणचं काढा. सगळं मिळून पाच किलो तरी होऊ द्या. ते सगळं भरडून कालवा आणि त्यातलं किलोभर कागदी किंवा कापडी पिशवीत पाठवा. प्लॅस्टिकमध्ये घाम धरतो. मक्याची वेगळी पिशवी, पेंडीची वेगळी, मुरघासाची वेगळी (ती मात्र हवाबंद, बर्फात). जवळचं पशुवैद्यक महाविद्यालय विचारा, नाहीतर आणंदला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची 'काफ' प्रयोगशाळा हे तपासते. काम करताना तोंडाला फडकं बांधा, ती भुकटी छातीत जायला नको.

---

सिन्नरचा डॉक्टर | ५ नोव्हेंबर, रात्री १०.३०

काकांचं सगळं मान्य. उशीर झाला, आज तीन आडल्या गाई होत्या.

ताई, बाइंडरबद्दल कुणीतरी तुम्हाला सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. बेंटोनाइटसारखी माती विषाला आतड्यात धरून शेणावाटे बाहेर नेते. अफ्लाटॉक्सिनवर तिचा उपयोग आहे, युरोपनं तशी परवानगीही दिली आहे. पण दुधातलं एम१ कमी होतं, शून्य होत नाही. फ्युजेरियमच्या विषांवर ती माती फारशी चालत नाही. माझ्या भागात लोक बाइंडरच्या भरवशावर मुद्दाम स्वस्तातला काळा मका घेतात. छत्री आहे म्हणून धबधब्याखाली उभं राहायचा प्रकार.

वासरांकडे बघा. गाईआधी ती सांगतात. केस उभे, वाढ खुंटलेली, कुंथणं, गुदद्वार बाहेर येणं. आणि बिट्टीच्या शेंड्याला कुठं गुलाबी बुरशी दिसली होती का? ती फ्युजेरियम. तिच्यातल्या झिअरॅलेनोन ह्या विषामुळं गाई उलटायला (गाभ न धरता पुन्हा माजावर यायला) लागतात आणि आपण रेतन करणाऱ्याला शिव्या घालतो.

---

येवल्याची गोठेकरीण | २८ नोव्हेंबर, रात्री ८.५५

मंडळी, उशिरा लिहितेय, कांदा लागवड चालू होती.

भरडा बंद करून चार दिवसांनी दूध पुन्हा लावलं. नापास. आप्पा म्हणाले, "बघ, मक्याचा काही संबंध नव्हता." मी रडकुंडीला आले. काकांचं 'जोडीदार' आठवलं. आमचे हे गाडीवर जाऊन दुसरीकडून शेंगदाणा पेंड घेऊन आले, तपासल्याचा कागद मागून, आणि सरकी पेंड थांबवली. फॅट पडली, ४.१ ची ३.८. पण पाचव्या दिवशी पट्टीवर दोन रेघा, पास. तेव्हापासून पासच आहे.

नमुन्यांचे आकडे आले. मुरघासात काही नाही. मका ३४. सरकी पेंड २१०.

दोनशे दहा! ती पिवळीजर्द, छान वासाची. गुलाबी बुरशी नव्हती डॉक्टर, वासरं बरी आहेत.

---

नळी आणि तराजू | २९ नोव्हेंबर, पहाटे ५.३०

मका तीन किलो गुणिले ३४, झाले १०२. पेंड दोन किलो गुणिले २१०, झाले ४२०. एकूण ५२२. दोन टक्के म्हणजे १०.४, भागिले चौदा लिटर, पाऊण मायक्रोग्रॅम. नापास. नुसती पेंड राहिली तेव्हा ८.४ भागिले चौदा, ०.६. तरीही नापास. आप्पांचं निरीक्षण खरं होतं, अनुमान चुकलं. आमच्या खात्यातही असे बरेच होते. एम१ चं एक बरं असतं, खाणं थांबलं की तीन-चार दिवसांत दुधातून उतरतं. तुम्हाला पाचव्या दिवशी मिळालं ते त्यामुळं.

सरकीला बोंडात असतानाच ही बुरशी लागते, अळीनं भोक पाडलं आणि वर पाऊस झाला की. तेल काढताना विष तेलाबरोबर फारसं जात नाही, पेंडीत राहतं. दळून दाबल्यावर बुरशी दिसणार कशी? वास तर भाजल्याचा येतो.

लोक दुधात युरिया आहे का, साबण आहे का म्हणून धास्तावतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशभरच्या पाहणीत ६,४३२ नमुने होते. भेसळीचे निघाले १२. एम१ मर्यादेबाहेर निघालं ३६८ मध्ये. भेसळ करणारा निदान जाणूनबुजून करतो. ह्या ३६८ मधल्या बहुतेकांना तुमच्यासारखंच पत्ताही नसणार.

३४ चा मका सुधारतो. फुटका, हलका दाणा आणि चुरा चाळून-उफणून काढा. निघेल ते खड्ड्यात, उकिरड्यावर नाही, कोंबड्या टिपतात. उरलेला पुन्हा तपासा. आणि ओल बघा, तेरा टक्क्यांच्या आत हवी. यंत्र नसेल तर घरगुती युक्ती आहे. कोरड्या काचेच्या बरणीत तव्यावर कोरडं केलेलं चमचाभर मीठ आणि मूठभर मका घाला, झाकण लावून चांगली हलवा, दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल पंधराच्या वर आहे, पोती शिवू नका. नाही चिकटलं तरी दाताखाली कडक वाजेपर्यंत ऊन द्या. पुढच्या वर्षी ताडपत्री ढिगावर घट्ट लपेटू नका, बांबूंवर उंच ताणा, बाजूंनी वारा खेळू द्या. त्या रात्री ताडपत्रीनं पाऊस अडवला, पण मक्याचा घामही अडवला.

---

येवल्याची गोठेकरीण | १४ डिसेंबर, रात्री ९.२५

चाळून-उफणून पाच क्विंटल निघाला, खड्ड्यात पुरला. पुरताना आप्पा खड्ड्याच्या काठावर उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. उरलेला ३३ क्विंटल पुन्हा तपासला, १७ आला. मीठ चिकटलं नाही.

---

नळी आणि तराजू | १५ डिसेंबर, पहाटे ५.४५

२० ला एवढा चिकटलेला आकडा आला की 'पास' म्हणायला माझी जीभ रेटत नाही, त्या चाळीस पोत्यांपासूनची सवय. गाईला एक किलोच्या वर देऊ नका, वासरांना नको, आणि महिन्यानं पुन्हा नमुना काढा. पोत्यांखाली फळ्या टाका, भिंतीपासून हातभर लांब.

आणि पेंडवाल्याकडं गेलात का? बिल आणि पोत्याला शिवलेली चिठ्ठी जपून ठेवली आहे ना? त्याच घाण्याची पेंड अजून किती गोठ्यांत चालू असेल.

---

येवल्याची गोठेकरीण | १५ डिसेंबर, रात्री ८.४०

बिल कच्चं होतं काका, वहीच्या कागदावरचं. आणि चिठ्ठ्या आप्पांनी अंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत घातल्या, पेटवण म्हणून. दोन पोती मात्र अजून उसवलेली नाहीत, शिवणीला चिठ्ठी लटकतेय. फोटो काढून ठेवू का?

---

नळी आणि तराजू | १५ डिसेंबर, रात्री ८.४८

काढा. दोन्ही बाजूंनी. आणि आप्पांना म्हणावं, त्या पोत्यांना हात लावू नका.

---

येवल्याची गोठेकरीण | १५ डिसेंबर, रात्री ९.०२

तेच कंदील धरून उभे आहेत. लाइट गेलीय.